भीमाशंकरच्या रानात अडलेली गाय

आमची लेक कुसुम गेली त्या वर्षी मी देवपूजा सोडली नाही. पुष्कळांना वाटतं, दुःख झालं की माणूस देवाला टाकतो. माझं तसं झालं नाही. हात आपोआप सगळं करत राहिले. देव घासले, गंध उगाळलं, फुलं वाहिली, पण मनात शब्द उमटेना. पाटावर बसून मी देवांकडे पाहत राहायची, आणि देवांच्या जागी फक्त पितळ दिसायचं. कुणी विचारलं असतं, तुझा देवावर विश्वास आहे का, तर मला हो म्हणता आलं नसतं आणि नाही म्हणायचंही धाडस झालं नसतं.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. यांना दापोडीला वर्कशॉपमध्ये टर्नरचं काम लागलं म्हणून लग्नानंतर चिंचवडला येऊन राहिलो. दोन खोल्या, मागे पवनेचा काठ. तेव्हा पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना उभा राहत होता, बाकी सगळीकडे ज्वारीची शेतंच होती. कुसुम सात वर्षांची होती. भाद्रपदात तिचा घसा धरला. आम्हाला वाटलं, पावसात भिजली असेल. हळद-दूध दिलं. दुसऱ्या दिवशी तिला श्वास घेता येईना, तेव्हा टांग्यात घालून पुण्याला नेलं. घटसर्प आहे असं डॉक्टर म्हणाले. सुई दिली, पण वेळ निघून गेली होती. परत येताना ती यांच्या मांडीवर होती, आणि टांगेवाल्याने सगळ्या वाटेत घोड्याला एकदाही चाबूक मारला नाही.

त्यानंतर माझं रडणं महिनाभर चाललं. यांच्या डोळ्याला पाणी आलं नाही. शिफ्टला जात, घरी येत, जेवायला बसत. मी वाढीन ते खात, नाही वाढलं तर मागत नसत. शेजारच्या बायका म्हणत, पुरुषमाणूस आहे, त्याचं आत असतं. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं. पण दिवस जाऊ लागले तसं मला यांची भीती वाटू लागली. भीती म्हणजे रागाची नव्हे, हे कधी कुणावर रागावलेच नाहीत. एखाद्या घरात माणसं राहत असावीत असं बाहेरून वाटावं आणि आत कुणीच नसावं, तसं यांच्याकडे पाहून होत असे. रात्री जाग आली की हे उशाशी उठून बसलेले दिसायचे. मी हात धरला तर धरू देत. एवढंच.

यांना एकच नाद होता, डोंगराचा. दर मार्गशीर्षात चार-पाच दिवसांची रजा काढून हे भीमाशंकरच्या रानात पायी जात. बरोबर चाकणचे धोंडीबा असत. धोंडीबा शेतकरी माणूस, पिढ्यान्‌पिढ्या चाकणचे. कधीकाळी बैलगाडीच्या कण्याचं काही काम घेऊन ते यांच्याकडे आले आणि त्यातून दोस्ती जमली. दोघं पाठीवर घोंगडी, एक पातेलं, तवा आणि पीठमीठ घेऊन निघत. जिथे दिवस मावळेल तिथे तीन दगडांची चूल मांडत, झाडाखाली झोपत. परत आले की हे कुसुमला मांडीवर घेऊन रानातल्या गोष्टी सांगत. मोठी तांबडी खार असते, शेकरू म्हणतात तिला, ती उंच झाडावर घरटं बांधते आणि एका झाडावरून दुसऱ्यावर उडी मारते. कुसुम विचारायची, मला कधी नेणार? हे म्हणायचे, तुझे पाय थोडे लांब होऊ देत.

त्या मार्गशीर्षात धोंडीबा नेहमीसारखे आले. ओसरीवर बसले, चहा घेतला. यांनी सांगितलं, "यंदा नाही जमायचं."

धोंडीबांनी कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले, "मिस्त्री, मी काय जोर करत न्हाई. पन घरात बसूनशान तरी काय हुतंय?"

मी दाराआडून ऐकत होते. तेव्हा बायकांनी असं डोंगरात हिंडायची पद्धत नव्हती, आणि मला तर दळण डोक्यावर घेऊन गिरणीपर्यंत जाण्यापलीकडे चालायची सवय नव्हती. तरी मी बाहेर आले आणि म्हटलं, "धोंडीबाभाऊ, हे येतील. मीही येते बरोबर." हे माझ्याकडे पाहत राहिले. नाही म्हणाले नाहीत. खरं सांगायचं तर मला देवदर्शनाची ओढ नव्हती. यांना एकटं सोडायचं नाही, एवढंच माझ्या मनात होतं.

आम्ही भोसरीवरून चाकणला गेलो. धोंडीबांच्या घरी मुक्काम झाला. तिथून खेड आणि पुढे वाडा नावाच्या गावापर्यंत एसटी मिळाली. मग पायवाट. थंडी होती, पण उन्हं चढली की अंगात ऊब येई. शेतातली भातं कापून झाली होती, खळी चालू होती. डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येत गेले. धोंडीबा पुढे, हे मध्ये, मी मागे. माझे पाय भरून आले की धोंडीबा न विचारता थांबत आणि म्हणत, "वहिनी, इथलं पानी लई ग्वाड हाय," आणि आम्ही पाणी पिण्याच्या निमित्ताने बसत असू.

संध्याकाळी भोरगिरीला पोचलो. नदीच्या काठी महादेवाचं जुनं देऊळ आहे, त्याच्या बाजूच्या झाडाखाली उतरलो. पंढरपूरला एवढी मोठी होऊन जाणारी भीमा इथे ओढ्याएवढी. मी चूल पेटवली, पिठलं टाकलं, धोंडीबांनी भाकऱ्या थापल्या. माझ्याहून चांगल्या थापल्या. उघड्यावर, आभाळाखाली जेवण्याची माझी पहिलीच वेळ. एरवी मला त्याचं अप्रूप वाटलं असतं. आगीच्या उजेडात यांचा चेहरा दिसत होता. मला वाटलं, या जागी हे दर वर्षी बसत होते आणि घरी कुणाला तरी सांगायला गोष्टी जमवत होते. आता गोष्टी कुणासाठी जमवायच्या? मी भाकरी पदरात बांधून ठेवली.

सकाळी रानात शिरलो. तसं रान मी आधी कधी पाहिलं नव्हतं. हिरड्याची, जांभळाची, अंजनीची झाडं एवढी दाट की भर दिवसा वाटेवर सावली. खाली पाचोळा, कुठे कुठे दवाने ओली झालेली कारवीची उंच झुडपं. चालता चालता वर काहीतरी सळसळलं. धोंडीबांनी बोट दाखवलं. फांदीवर तांबूस रंगाची लांब शेपटीची खार बसली होती, एवढी मोठी की मला आधी मांजर वाटली. ती आमच्याकडे पाहून पलीकडच्या झाडावर झेपावली. मी यांच्याकडे पाहिलं. हे मान वर करून पाहत होते. चेहऱ्यावर काही नव्हतं. हसू नाही की दुःखही नाही. मग मान खाली घालून पुढे चालू लागले. या माणसाला परत आणायला आपण इतक्या लांब आलो, आणि हा माणूस आणखीच लांब चालला आहे असं वाटलं.

दुपारच्या सुमाराला माथ्यावर पोचलो. भीमाशंकरचं देऊळ तिथून जवळच, थोडं खाली उतरलं की. पण मी दमून गेले होते. धोंडीबा म्हणाले, "वहिनी, तुमी बसा जरा. मी पानी घिऊन येतो, मग संगट जाऊ दर्शनाला." ते तांब्या घेऊन गेले. मी झाडाला पाठ टेकली. हे शेजारी बसले होते. माझा डोळा कधी लागला ते कळलं नाही.

जाग आली तेव्हा हे नव्हते. शेजारी यांच्या चपला, टोपी आणि पिशवी ठेवलेली होती. एका ओळीत, नीट. चपलांची टोकं एका रेघेत. मी त्या वस्तूंकडे पाहिलं आणि ताडकन उठले. माणूस जवळपास गेला तर चपला घालून जातो. टोपी तर हे घराच्या उंबऱ्याबाहेर कधी काढत नसत.

धोंडीबा पाणी घेऊन आले. चपला पाहून त्यांचाही चेहरा उतरला. मी विचारलं, "पलीकडे काय आहे?"

ते म्हणाले, "कडा हाय, वहिनी. खाली कोकन."

ते एका वाटेने गेले, मी दुसऱ्या. माझ्या वाटेला पुढे फाटे फुटले आणि मग वाटच उरली नाही. कारवीतून हाताने वाट काढत मी पळत होते. पातळ फाटलं, पायात काटे मोडले. "अहो, अहो" म्हणून हाका मारत होते. नवऱ्याचं नाव घ्यायची आम्हाला सवय नाही, आणि त्या रानात ती हाक कुणालाही लागू पडली असती. मग मी यांचं नाव घेऊन ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. उत्तर आलं नाही. समोर झाडं विरळ झाली होती आणि त्यांच्या पलीकडे नुसतं आभाळ दिसत होतं, जमीन दिसत नव्हती.

तिथे मी एका खोडाला धरून उभी राहिले. पुढे पाऊल टाकून खाली पाहायचं मला धैर्य होईना. इतक्या महिन्यांत मी देवाशी बोलले नव्हते, ती तेव्हा बोलले. त्याला प्रार्थना म्हणता येणार नाही. मी म्हटलं, "मुलगी नेलीस. मी तुला काही बोलले नाही. आता यांना नेलंस तर..." आणि पुढचं वाक्य मला सुचेना. देवाला धमकी देण्यासारखं माझ्याजवळ होतं तरी काय? सगळं त्याचंच. मी म्हटलं, "मला काही कळत नाही. तूच बघ." एवढं बोलले आणि खोडाला डोकं टेकलं.

तेव्हा डाव्या हाताच्या बाजूने बाईमाणसाचा आवाज आला. रांगडा, म्हातारा आवाज. "धर, सोडू नगंस. तिनं कळ दिली की वढ. आत्ता. वढ."

मी त्या दिशेने गेले. कड्यापासून पंधरा-वीस हातांवर, कारवीच्या आडोशाला, एक काळीभोर गाय आडवी पडली होती. तिच्या मानेशी एक म्हातारी बसून तिचं डोकं दाबून धरत होती. आणि मागे गुडघ्यांवर बसून, बाह्या सारून, कोपरापर्यंत रक्ताने माखलेले हे. यांनी वासराचे दोन्ही मागचे पाय धरले होते. वासरू उलटं आलं होतं. गाय अडली होती.

म्हातारीने मला पाहिलं आणि जणू मी येणारच होते अशा सुरात म्हणाली, "आलीस व्हय? हिकडं ये बाई, पोटावर हात फिरव तिच्या. भिऊ नगं."

मी बसले. गाईच्या पोटावर हात ठेवला. ते कातडीखाली थरथरत होतं. पुढची घटका कशी गेली ते मला सांगता येत नाही. गाय कळ देई, हे ओढत, म्हातारी बोलत राही, कधी गाईशी, कधी यांच्याशी, दोघांशी एकाच आवाजात. यांच्या कपाळावरून घाम गळत होता आणि दात आवळलेले होते. किती महिन्यांनी यांच्या चेहऱ्यावर मी काही पाहत होते. शेवटी एकदम ते वासरू बाहेर आलं आणि हे त्याच्यासकट मागे पडले.

कालवड होती. अंगावर पांढरा ठिपका. म्हातारीने तिच्या नाकातला चिकटा काढला, तोंडात फुंकर घातली, गवताच्या मुठीने छाती चोळली. मग हात थांबवले. "गेलंय," ती म्हणाली. "कवाच गेलंय पोटात."

हे म्हणाले, "नाही. अजून गरम आहे." आणि त्यांनी ती कालवड मांडीवर ओढून घेतली आणि धोतराच्या सोग्याने तिचं अंग पुसू लागले. पुसत राहिले. नाक पुसलं, कान पुसले.

गाय मान उचलून हंबरली. मी म्हातारीला म्हटलं, "मावशी, ते तिच्यासमोरून दूर न्यायला हवं. तिला कशाला दिसू द्यायचं?"

ती म्हणाली, "न्हाई बाई. तिच्याम्होरं ठिवा. चाटू दे तिला. तिचं हाय ते. तिला कळू दे की गेलंय. कळल्याबिगर ती उठायची न्हाई, अन् बळंच उठवली तर चारा सोडती, पार वाळून जाती."

यांनी ते ऐकलं. कालवड उचलून गाईच्या तोंडाशी ठेवली. गाय चाटू लागली. डोक्यापासून शेपटीपर्यंत, पुन्हा डोक्यापासून. आम्ही तिघं पाहत होतो. मग माझ्या कानावर एक आवाज आला, आणि आधी मला कळलंच नाही तो कुठून येतोय. हे रडत होते. तोंड उघडं, हात तसेच रक्ताचे, लहान मुलासारखे. मी उठून जवळ गेले तेव्हा त्यांनी डोकं माझ्या खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "टांग्यात ती गरम होती गं. शेवटपर्यंत गरम होती." कुसुम गेल्यानंतर तिच्याबद्दल बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य.

धोंडीबा आवाजाच्या रोखाने आले. त्यांनी सगळं पाहिलं, डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि लांबच एका दगडावर बसून राहिले.

म्हातारीचं नाव ठकूबाई. तिथल्याच एका कोळ्यांच्या पाड्यावर तिचं घर होतं. घरातली माणसं बाजाराला गेली होती आणि गाय कळा सुरू झाल्यावर रानात निघून आली होती, म्हणून ही तिला शोधत एकटीच आली होती. ऊन कलल्यावर गाय एकदा धडपडली, पुन्हा बसली, आणि मग उठून उभी राहिली. ठकूबाईने तिथेच माती उकरली, कालवड पुरली, वर दगड ठेवले. यांनी दगड वाहून आणले. नंतर आम्हाला झऱ्यावर नेऊन तिने हात धुवायला लावले आणि घरी नेऊन नाचणीची भाकर आणि ताक दिलं. आदल्या दिवसापासून मी पोटभर जेवले नव्हते, ती तिथे जेवले. निघताना मी तिच्या पाया पडले. ती म्हणाली, "माझ्या कशाला पडतीस? थितं खाली द्येव हाय, त्येच्या पड."

संध्याकाळी देवळात गेलो. यात्रेकरू कुणी नव्हते. गाभाऱ्यात अंधार आणि गारवा, समईचा उजेड, पिंडीवर ठिबकणारं पाणी. मी काय काय मागायचं ठरवून आले असते तर त्यातलं काहीही तिथे आठवलं नसतं. हे माझ्या शेजारी उभे होते. श्वास घेत होते. तो श्वास ऐकत मी हात जोडून उभी राहिले. बाहेर आल्यावर धोंडीबांनी शेकोटी पेटवली, आणि हे आपण होऊन कुसुमबद्दल बोलू लागले. ती कशी जन्मली, पहिल्यांदा चालली तेव्हा काय झालं, घसा धरला त्या दिवशी सकाळी तिने काय खाल्लं होतं. धोंडीबांना यातलं बरंचसं माहीत होतं. तरी त्यांनी सगळं नव्याने ऐकलं. मधे मधे नुसतं म्हणत, "व्हय, मिस्त्री. व्हय."

आम्हाला पुढे मूल झालं नाही. दुःख संपलं असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं खोटं होईल. आजही भाद्रपद आला की घरातला आवाज कमी होतो. पण हे त्यानंतर जगले, माणसांत राहिले, जेवताना मीठ कमी आहे म्हणून सांगू लागले. पुढे काही वर्षं आम्ही दोघंही मार्गशीर्षात तिकडे जात असू. एका वर्षी कळलं की ठकूबाई थंडीत गेली. त्या दिवशी यांनी तिच्या अंगणात बसून खूप वेळ काढला.

ही हकिकत ऐकून कुणी कुणी मला म्हणतं, ती म्हातारी म्हणजे साक्षात देवीच असेल. मी वाद घालत नाही. मी पाहिली ती कोळ्याची म्हातारी होती, टाचा फुटलेल्या, लुगडं विटलेलं, आणि तिची गाय खरोखरच अडली होती. तिला आमची काहीच माहिती नव्हती. तिला फक्त हाताला हात हवा होता. कड्याकडे जाणारा एक अनवाणी माणूस तिला झाडीतून दिसला आणि तिने हाक मारली, "दादा, जरा हिकडं ये, माझं जनावर मरतंय."

हे मला यांनीच सांगितलं. पुष्कळ वर्षांनी, एका दुपारी, मी विचारलं तेव्हा. आपण त्या दिवशी तिकडे कशाला गेला होतात, असं मी विचारलं होतं. हे म्हणाले, "ठरवून नव्हतो गेलो. पाय नेत होते. तेवढ्यात तिनं हाक मारली."

कुसुम आजारी होती तेव्हा मी देवाकडे माझं मूल मागितलं होतं, ते त्याने दिलं नाही. का दिलं नाही, ते मला या जन्मी कळेल असं वाटत नाही. पण ज्या क्षणी माझ्याजवळ मागायलाही शब्द उरले नव्हते, त्या क्षणी कुणाची तरी गरज त्याने यांच्या वाटेत आणून ठेवली. मदत देणारा हात येईल असं आम्हाला नेहमी वाटत असतं. आमच्यासाठी मदत मागणारा आवाज आला. आता मी देवासमोर बसते तेव्हा मागणं सांगत नाही. जे चाललं आहे ते त्याच्या हातात आहे एवढं मनाशी म्हणते, आणि बाहेरून कुणी हाक मारली तर पूजा अर्धी ठेवून उठते.